सतरावा दिवस

प्रश्न एका मुलीचा आहे. मूळची वसईची, नोकरीमुळे आता पुण्यात असते. ती लिहिते: "फादर, सप्टेंबरात आईला घेऊन तामिळनाडूत वेलंकणी मातेच्या यात्रेला गेले होते. वाळूच्या वाटेवर लोक गुडघ्यांनी चालत होते, मीही चालले. इतकी रडले की आई घाबरली. घरी आले आणि दोन रविवारांत सगळं ओसरलं. आता रविवारी चर्चमध्ये मिस्साला बसते ती घड्याळ बघत. तीच गाणी, त्याच लांबलचक सूचना, तोच दुसऱ्या दानाचा आग्रह. मग यातलं खरं काय, तिकडचं रडणं की इकडची जांभई? तुम्ही एवढं फिरलात, तुमचं असं होत नाही का?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथे मला लपायला जागा नाही. होतं. मी गोरेगावच्या सेमिनरीत शिकलो. माझी दीक्षा झाली तेव्हा वसई मुंबई महाधर्मप्रांतातच होती, १९९८ साली ती वेगळी झाली. तीस वर्षांहून जास्त काळ मी रोज वेदीपाशी उभा राहतोय आणि तिथून मीही घड्याळ बघितलंय. झग्याची बाही लांब असते, म्हणून लोकांना दिसत नाही एवढंच.

आता रडणं. ते खोटं होतं असं मी म्हणणार नाही, आणि तुलाही म्हणू देणार नाही. पण त्यात काय काय मिसळलं होतं तेही बघ. रेल्वेत काढलेले दिवस, अपुरी झोप, उन्हात तापलेली वाळू, शेजारी हजारो माणसं एका सुरात गाताहेत, बाजूला म्हातारी होत चाललेली आई आणि ऑफिसचा फोन बंद. अशा वेळी माणसाचं कवच गळून पडतं. देव त्या फटीतून आत येतो, यावर माझा विश्वास आहे. मात्र फट पडायला झोपेची उणीवही कारण होती. यात्रा घेऊन जाणाऱ्या माणसाला हे कळतं. मी माझ्या गटाला तिसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रायश्चित्त संस्काराला, म्हणजे पापांच्या कबुलीला, बसवतो, पहिल्या दिवशी कधीच नाही.

माझंच एक सांगतो. सांगायला बरं वाटत नाही, पण तुझ्या प्रश्नाचं माझ्याजवळचं खरं उत्तर तिथूनच सुरू होतं.

काही वर्षांपूर्वी वसईतली एक्केचाळीस माणसं घेऊन मी पवित्र भूमीला गेलो होतो. जेरुसलेममध्ये प्रभूच्या कबरीवर जे चर्च आहे, तिथे मिस्सासाठी फ्रान्सिस्कन संघाच्या मंडळींकडून आधी वेळ मागून घ्यावी लागते. आम्हाला पहाटेची मिळाली, जेमतेम अर्ध्या तासाची. कबरीच्या खोलीत तीन-चार माणसंच मावतात, बाकीची बाहेर उभी राहतात. (त्या चर्चची गंमत तुला ठाऊक आहे का? सहा ख्रिस्ती पंथ तिथे नांदतात, आणि दाराची किल्ली शतकानुशतकं एका मुस्लिम कुटुंबाकडे आहे, दार उघडण्याचा मान दुसऱ्या मुस्लिम कुटुंबाकडे. दर्शनी भिंतीवरच्या खिडकीखाली एक लाकडी शिडी वर्षानुवर्षं तशीच टेकलेली आहे, कारण ती हलवायचा हक्क कुणाचा हेच ठरत नाही. आमच्या पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत लाउडस्पीकरवरून भांडण जुंपलं की मी त्या शिडीची आठवण काढतो आणि जरा थंड होतो.) तर त्या खोलीत, त्या दगडापाशी, प्याला हातात धरला आणि माझे हात थरथरायला लागले. शब्द फुटेना. बाहेर आमच्या बायका मराठीतून गात होत्या, त्यांनी तेच कडवं पुन्हा घेतलं, मग तिसऱ्यांदा घेतलं. मी सावरेपर्यंत त्या थांबल्या. इतकं जवळ मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं, त्यानंतरही नाही.

परत आल्याच्या चौथ्या दिवशी संध्याकाळी सभागृहात आमच्या यात्रेच्या फोटोंचा कार्यक्रम होता. खुर्च्या भरलेल्या, चहा, फुगे, भिंतीवर गालीलचा समुद्र. साडेनऊला फोन आला. वाडीतल्या एका घरची सून बोलत होती: "फादर, बाबांना बरं वाटत नाही. तेल लावायला याल का?" (आजाऱ्याला पवित्र तेल लावून प्रार्थना करायची, हा आमचा संस्कार.) मी विचारलं, "फार आहे का?" म्हणाली, "नाही, थोडं जेवलेत." मी म्हटलं, "सकाळी सहाच्या मिस्सानंतर लगेच येतो." ती म्हणाली, "बरं, फादर."

तिचे सासरे म्हणजे आमचे घंटावाले. अनेक वर्षं त्यांनी देवदूताच्या प्रार्थनेची घंटा दिली: सकाळी, दुपारी, संध्याकाळी. तीन टोले, थांबायचं. तीन टोले, थांबायचं. पुन्हा तीन, आणि मग नऊ. पगार नव्हता. पावसाळ्यात डोक्यावर खताचं पोतं घेऊन यायचे.

पहाटे सव्वाचारला ते गेले. आजाऱ्यांच्या तेलाची डबी रात्रभर माझ्या शर्टाच्या खिशात होती. घर दीड किलोमीटरवर.

घरचं कुणी मला एका शब्दानं बोललं नाही. सून फक्त एवढंच म्हणाली, "वाट बघत होते. पण मलाच म्हणाले, फादर लांबून आलेत, दमलेत, झोपू दे."

कबरीतलं माझं रडणं सच्चं होतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण चार दिवसांनी ते मला दीड किलोमीटर घेऊन जाऊ शकलं नाही. फोनवर कुणी हाक मारली तर उठायचं, विचारत बसायचं नाही, ही साधी सवय त्या रात्री कामाला आली असती. ती माझ्या अंगात पुरती मुरलेली नव्हती. सेमिनरीतल्या आमच्या एका म्हाताऱ्या शिक्षकांनी हे बजावलं होतं: आजाऱ्याचा फोन आला की चपला आधी, प्रश्न नंतर. तेव्हा आम्ही हसलो होतो.

त्यानंतर काही वर्षांनी मी जपानला गेलो, आणि तुझ्या जांभईचा उलगडा मला तिथे झाला.

जपान का, तर आपल्या संत गोन्सालो गार्सियासाठी. आपल्या पोरांना त्याचं नाव माहीत असतं, सण माहीत असतो, त्याचा प्रवास माहीत नसतो. साधारण १५५७ सालचा जन्म, वसईचाच. वडील पोर्तुगीज, आई इथली. किल्ल्यातल्या जेझुइट संघाच्या धर्मगुरूंकडे शिकला आणि मिसरूड फुटायच्या वयात त्यांच्याबरोबर जपानला गेला. तिथली भाषा अशी उचलली की लोक ऐकत राहायचे. जेझुइट होण्याची आशा होती, ती पुरी झाली नाही. मग त्यानं व्यापार केला, पैसा कमावला, सगळं सोडून मनिलात फ्रान्सिस्कन बंधू झाला. दीक्षित धर्मगुरू नव्हे, साधा बंधू. १५९३ साली दुभाषा म्हणून पुन्हा जपानला आला. १५९६ च्या डिसेंबरात पकडला गेला. क्योतोमध्ये त्या सगळ्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापला, गावोगाव धिंड काढली आणि ऐन थंडीत जवळजवळ महिनाभर चालवत नागासाकीला नेलं. निघाले तेव्हा चोवीस जण होते. वाटेत त्यांची सेवा करत बरोबर चालणारे दोघे जण, तेही धरले, आणि सव्वीस झाले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर सगळ्यांना क्रुसावर चढवलं. त्यांच्यात बारा वर्षांचा एक मुलगा होता. १८६२ साली पोप नववे पायस यांनी त्या सव्वीसांना संत म्हणून घोषित केलं.

ती टेकडी नागासाकी स्टेशनपासून चालत काही मिनिटांवर आहे. मी सुकेळी घेऊन गेलो होतो, वसईहून प्रवासाला निघालं की ती पिशवीत असतेच. वर एक लांब भिंत आहे, तिच्यावर ब्राँझमधली सव्वीस माणसं एका ओळीत. कुणाचेही पाय जमिनीला टेकलेले नाहीत, बोटं खाली झुकलेली, जणू आत्ताच वर उचललीत. मी आपला माणूस शोधत होतो. देवाशप्पथ सांगतो, त्या वेळी डोळ्यात पाणी आलं नाही. पावसाची भुरभुर होती, बूट भिजले होते, भूक लागली होती. सुकेळीची एक पुडी सोडली आणि भिंतीकडे बघत खाल्ली. मनात आलं, हा पोरगा आमच्याकडच्या केळीच्या वाडीतून निघाला आणि इथे येऊन पोहोचला. एवढंच. प्रार्थना अशी काही सुचली नाही.

दुसऱ्या दिवशी नागासाकीतल्याच ओउराच्या चर्चमध्ये गेलो. ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ चालू होता.

तिथली हकिगत अशी. जपानमध्ये १६१४ साली ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. पुढच्या तीस वर्षांत उरलेसुरले धर्मगुरूही मारले गेले. त्यानंतर दोनशेहून जास्त वर्षं त्या देशात धर्मगुरू नाही, चर्च नाही, मिस्सा नाही, प्रायश्चित्त संस्कार नाही. ख्रिस्ती असल्याचा संशय आला तर येशूच्या किंवा मरियामातेच्या चित्रावर पाय द्यायला लावायचे. १८५० नंतर परदेशी जहाजांना बंदरं खुली झाली, तेव्हा नागासाकीतल्या परदेशी लोकांपुरतं हे चर्च उभं राहिलं, त्या सव्वीस हुतात्म्यांच्याच नावानं. तिथे पेतीजाँ नावाचे फ्रेंच धर्मगुरू होते. १७ मार्च १८६५ रोजी दुपारी दारात काही जपानी माणसं येऊन उभी राहिली, शेजारच्या उराकामी गावची शेतकरी मंडळी. फादर वेदीपाशी प्रार्थनेला टेकले. एक बाई जवळ आली आणि हळूच म्हणाली की आमचं आणि तुमचं हृदय एकच आहे. मग विचारलं, सांता मारियाची मूर्ती कुठे आहे?

इथपर्यंत तू कदाचित कुठल्या तरी प्रवचनात ऐकलं असशील. सगळे प्रवचनकार इथेच थांबतात, कारण इथे लोकांचे डोळे ओले होतात. मीही पूर्वी थांबायचो. पण त्या लोकांनी पुढे आणखी काही सांगितलं, आणि पेतीजाँ यांनी ते लिहून ठेवलं. ते म्हणाले, आम्ही प्रभूचा जन्म हिवाच्या महिन्यातल्या पंचविसाव्या दिवशी पाळतो. आणि आता दुःखाचा काळ चालू आहे, आज त्याचा सतरावा दिवस.

बाकावर बसून मी मोबाइलवर १८६५ सालचा ईस्टर शोधला. १६ एप्रिल. म्हणजे उपवासकाळ जिथून सुरू होतो तो राखेचा बुधवार १ मार्चला. बोटांवर मोजलं. १ मार्चपासून १७ मार्च, बरोबर सतरावा दिवस.

तिथे मात्र माझा बांध फुटला.

हे त्यांनी कसं जपलं असेल, तेही सांगतो. त्यांच्या गुप्त मंडळ्यांमध्ये तीन कामं वाटून दिलेली असायची. एक जण पाणी ओतून बाप्तिस्मा देणारा. एक जण घरोघर निरोप पोहोचवणारा. आणि एक जण तारखांचं पुस्तक सांभाळणारा, त्यांचा मुख्य तोच. त्याचं काम काय, तर चांद्र पंचांगाशी मेळ घालत सणवार काढायचे, उपवास कधी, कुठल्या दिवशी शेतात काम करायचं नाही, हे सांगायचं. बापानं मुलाला शिकवायचं, मुलानं नातवाला. त्यातल्या बहुतेकांच्या हयातीत कुणी आलं नाही. पिढ्यान्पिढ्या मोजत राहिले. एका वर्षी जरी कुणी कंटाळून म्हटलं असतं, की मला यात काही जाणवत नाही, तर साखळी तुटली असती.

त्यात रोमहर्षक काही नाही. तुझ्या भाषेत तो सूचना वाचणारा माणूस. तीच ती सूचना, दर रविवारी.

(बंदी त्यानंतरही उठली नव्हती. उराकामीच्या तीन हजारांहून जास्त लोकांना घरांतून उठवून देशभर हद्दपार केलं, आणि १८७३ साली बंदीचे फलक उतरल्यावर जगले-वाचलेले परतले. त्यांनी चर्च बांधलं. ९ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबाँब त्या चर्चपासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर फुटला. आत धर्मगुरू पापनिवेदन ऐकत बसले होते. ढिगाऱ्यातून एक घंटा शाबूत निघाली, ती त्याच वर्षी नाताळच्या रात्री त्यांनी वाजवली. हे सगळं पाहून मी हॉटेलवर गेलो आणि जेवलो नाही.)

माझी आजी आठवली. ती लॅटिनच्या काळातली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६३ साली लोकांच्या भाषेला वाट करून दिली आणि हळूहळू मिस्सा मराठीत आला, पण आजीच्या जिभेवर जुनंच बसलेलं. रोझरीनंतरच्या मातेच्या लितानीत ती 'ओराप्रनोबी, ओराप्रनोबी' असं झपाट्यानं म्हणायची, चुलीतली लाकडं सारता सारता. 'ओरा प्रो नोबिस' म्हणजे आमच्यासाठी विनंती कर, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिनं विचारलंही नव्हतं. सेमिनरीतून सुट्टीला आलेला मी शहाणा तिला अर्थ समजावायला गेलो. ती म्हणाली, "मग, मी काय वेगळं मागते?" नागासाकीत एका ठिकाणी मी त्या गुप्त ख्रिस्ती लोकांच्या वंशजांच्या प्रार्थनेचं ध्वनिमुद्रण ऐकलं. तिला ते 'ओराशो' म्हणतात, लॅटिन 'ओरासियो'वरून. शब्द तोंडातोंडातून घासून गुळगुळीत झालेले, अर्थ कधीचाच गळलेला. मला त्यात आजीचा आवाज ऐकू आला. चुलीतल्या लाकडांसकट.

आता तू म्हणशील, मग यात्रेला जायचंच कशाला? जावं. आपल्या महाराष्ट्रात हे समजावून सांगावं लागू नये. वारकऱ्याला विचार. आषाढीला पंढरपूरला जातो तो वारकरी हे अर्धंच उत्तर आहे. गळ्यात माळ, पंधरा दिवसांनी एकादशी, संध्याकाळी हरिपाठ. हे वर्षभर असतं म्हणून तो वारकरी. आणि वारी या शब्दातच परत येणं आहे. कळसाचं दर्शन घेऊन माघारी फिरणारा माणूस घरी आल्यावर 'आता तसं वाटत नाही' म्हणून माळ काढून ठेवत नाही. आपण ख्रिस्ती लोकांनी यात्रा नेमकी इथे बिघडवली. टूर कंपनीच्या पत्रकावर 'आध्यात्मिक अनुभव' असं छापलेलं असतं, जणू काही नाश्त्याबरोबर तोही मिळणार. मी स्वतः अशी पत्रकं वाटली आहेत, त्यामुळे फार बोलत नाही.

प्रवासाचा मला झालेला फायदा वेगळाच आहे. परगावी गेलं की आपली किंमत कळते. वसईत मी फादर, रस्त्यानं चाललो तर चार माणसं थांबतात. इटलीत एका चर्चमध्ये मी मिस्सा करू का म्हणून विचारलं, तर सॅक्रिस्टीतल्या, म्हणजे धर्मगुरूंच्या तयारीच्या खोलीतल्या, काकांनी हात पुढे केला: बिशपांचं पत्र? ते वर्षाच्या आतलं असावं लागतं, असा नियमच आहे, अनोळखी धर्मगुरूला त्यावर वेदी मिळते. माझं पत्र हॉटेलच्या बॅगेत. झालं. मागच्या बाकावर बसून मी कळत नसलेल्या भाषेत मिस्सा ऐकला. कित्येक वर्षांनी मी बाकावर होतो. प्रवचन लांबलं. मी घड्याळ बघितलं. तेव्हा तुम्हा लोकांची दया आली.

आणि प्रवासात आपलीच वस्तू दुसऱ्याच्या घरात दिसते, त्याचंही भान येतं. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा चर्चच्या घंटा मराठी सरदार घेऊन गेले आणि ठिकठिकाणच्या देवळांना वाहिल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा, वाईजवळ मेणवलीची, भीमाशंकरची. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेली मरियामाता अजून दिसते. मी भीमाशंकरला गेलो होतो, साध्या कपड्यांत. घंटेवरचा क्रूस निरखत उभा राहिलो तसे शेजारचे एक आजोबा म्हणाले, "वसईची आहे ही." मी म्हटलं, "मीही." ते हसले आणि म्हणाले, "मग वाजवा की." मी वाजवली. आवाज चांगला आहे. किल्ल्यातल्या चर्चच्या मनोऱ्यांवर आता पिंपळ उगवलेत.

आता तुझा कंटाळवाणा रविवार. वेदीच्या पलीकडून तो कसा दिसतो ते थोडं सांगतो, म्हणजे निदान कंटाळा कशाचा हे तरी ठरवता येईल.

दर रविवारी आणि मोठ्या सणांना प्रमुख धर्मगुरूनं एक मिस्सा धर्मग्रामातल्या, म्हणजे आपल्या चर्चच्या हद्दीतल्या, सगळ्या लोकांसाठी अर्पण करायचा असतो. त्याचे पैसे कुणाकडून घ्यायचे नाहीत, तो कुणा एकाच्या नावानं द्यायचा नाही. धर्मग्रामातल्या सगळ्यांसाठी, म्हणजे जे येत नाहीत त्यांच्यासाठीही. तू पुण्यात ज्या चर्चच्या हद्दीत राहतेस तिथेही दर आठवड्याला हे होतं, तू बाकावर असलीस काय आणि झोपलेली असलीस काय. तुला कुणी सांगितलं नसेल, कारण आम्ही सांगत नाही.

तू कंटाळतेस त्या सूचनांमध्ये लग्नांची नावं वाचतात ना, अमुक गावचा अमुक, तमुक गावची तमुक, कुणाला हरकत असेल तर कळवा. त्यामागे एक रजिस्टर आहे. तुझा बाप्तिस्मा जिथे झाला तिथल्या रजिस्टरमध्ये तुझ्या नावापुढे समास सोडलेला आहे. दृढीकरणाचा संस्कार झाला की तिथे नोंद. लग्न जगात कुठेही होवो, तिथला धर्मगुरू तुझ्या मूळ धर्मग्रामाला कळवतो आणि इथला धर्मगुरू त्या समासात बारीक अक्षरात लिहितो. कॅनडातून, दुबईतून फोन येतात, "फादर, दाखला पाहिजे." मी कपाट उघडतो. कागद पिवळा पडलेला, शाई तपकिरी, कुठल्याशा आधीच्या फादरचं तिरकं अक्षर. तो फादर त्या दिवशी भक्तीनं भारावलेला होता की दात दुखत असल्यामुळे वैतागलेला, कुणास ठाऊक. नोंद बरोबर केली आहे. तेवढ्यावर एका माणसाचं लग्न उभं राहतं.

२०२० च्या पवित्र सप्ताहात चर्च रिकामं होतं आणि मी एका मोबाइलपुढे उभा राहून मिस्सा करत होतो. बंद झालं तेव्हा कळलं की लोकांना माझी प्रवचनं आठवत नव्हती, आठवत होतं ते शेजारच्या बाकावर रोज खोकणारं माणूस. एक बाई मला नंतर म्हणाली, "फादर, मी टीव्हीसमोर लुगडं नेसून बसायचे. गाऊनवर बसले तर मिस्सा लागल्यासारखा वाटेना."

तुला काय करायचं ते विचारलं नाहीस, तरी सांगतो, आमची खोड आहे. वेलंकणीचा विचार थोडा बाजूला ठेव, ती आठवण चाटून चाटून संपेल. पुण्यात एकच चर्च धर, एकच वेळ धर, एकच बाक धर. शनिवारी रात्री दुसऱ्या दिवशीचं शुभवर्तमान वाचून ठेव, पाच मिनिटांचं काम आहे, पण त्यामुळे रविवारी ऐकताना तू परकी राहत नाहीस. आणि एखादं काम माग. वाचन, गायन, नाहीतर आजारी माणसांची यादी. यादी सगळ्यात चांगली. महिन्यातून एका म्हातारीच्या घरी जाऊन बसायचं, ती तीच गोष्ट चौथ्यांदा सांगेल, ऐकायची. तिथे जांभई आली तर दाबायची. जांभई पाप नाही. झोपलेल्या शिष्यांवर प्रभू गेथसेमानीत नाराज झाला खरा, पण त्यांना काढून टाकलं नाही.

जांभईच्या खाली काही वेगळं असेल, राग, कुणी दुखावलेलं, खरीच शंका, तर ती गोष्ट निराळी. त्याला नियमितपणाचं औषध लागू पडत नाही, उलट आत कुजतं. तसं असेल तर कुणाशी तरी बोल. माझ्याशी बोलायलाच हवं असं नाही.

आणि दोष तुमचाच आहे असंही नाही. प्रवचन तयार न करता वेदीवर जाणारे आम्ही काही थोडे नाही. प्रवचन आठ मिनिटांच्या पुढे जाऊ नये, त्यानंतर लोक झोपतात, असं पोप फ्रान्सिस यांनी २०२४ साली उघड सांगितलं होतं. मी तेव्हापासून वेळ लावतो. अकरा मिनिटांच्या आत आलोय.

सूचनांबद्दलचं तुझं गाऱ्हाणं मान्य. सहलीची, स्पर्धेची, लकी ड्रॉची सूचना यापुढे फलकावर लावायला सांगितलं आहे. लग्नांची आणि गेलेल्यांची नावं मात्र वाचणारच. आणि दुसरं दान परवाच्या रविवारी घंटेच्या मोटरसाठी होतं. त्या घंटावाल्यांच्या नंतर कुणी पुढे आलं नाही, म्हणून मोटर बसवली होती, ती जळाली. दुरुस्त होईपर्यंत नऊ टोले मीच देतोय. परवा मोजताना चुकलो, दहा पडले. त्यांची सून दारातून म्हणाली, "फादर, एक जास्त झाला."